शांततेआधी न्याय मागणारा गायक : पीटर टॉश

बॉब मार्ली यांचा चेहरा आपल्या तरुणांच्या ओळखीचा आहे. टी-शर्टवर, वसतिगृहाच्या भिंतीवर तो दिसतो. पण मार्ली ज्या ‘द वेलर्स’ या गटातून पुढे आले, त्याच गटातले पीटर टॉश आपल्याकडे फारसे कोणाला माहीत नाहीत. मार्ली यांच्या गाण्यांतही विद्रोह होताच, पण बाजाराला त्यातले प्रेम वेगळे काढून विकता आले. टॉश यांच्या बाबतीत ते जमले नाही. म्हणूनच हा माणूस आपण समजून घेतला पाहिजे, असे आम्हाला वाटते.

त्यांचे मूळ नाव विन्स्टन ह्युबर्ट मॅकिन्टॉश. जन्म १९ ऑक्टोबर १९४४, जमैकाच्या पश्चिमेकडील वेस्टमोरलँड भागात. आई-वडिलांचे छत्र लाभले नाही, नातेवाइकांनी वाढवले. किशोरवयात ते राजधानी किंग्स्टनमधल्या ट्रेंचटाउन या गरीब वस्तीत आले. तिथे जो हिग्ज नावाचे गायक वस्तीतल्या पोरांना एक पैसा न घेता गाणे शिकवत. त्यांच्याकडेच टॉश, मार्ली आणि बनी वेलर घडले. १९६३ मध्ये गट उभा राहिला आणि १९६४ मध्ये ‘सिमर डाउन’ हे गाणे जमैकाभर गाजले. टॉश गिटार आणि कीबोर्ड वाजवत. त्यांचा आवाज खर्जातला, भारदस्त. तिघांच्या गाण्यात तो वेगळा ओळखू यायचा.

जमैका १९६२ मध्ये स्वतंत्र झाला. झेंडा बदलला, पण गुलामांच्या वंशजांची वस्ती, पोलिसांची काठी आणि वसाहतकाळातले कायदे तसेच राहिले. केसांच्या जटा राखणाऱ्या रास्ताफारी लोकांना तर समाज हीन समजत असे. टॉश त्यांच्यातलेच एक झाले. गुलामीच्या चार शतकांवरचे त्यांचे ‘फोर हंड्रेड इयर्स’ हे गाणे १९७३ च्या ‘कॅच अ फायर’ या अल्बममध्ये आले. त्याच वर्षी आलेले ‘गेट अप, स्टँड अप’ आज बहुतेक जण मार्लींचे म्हणून गातात. ते दोघांनी मिळून लिहिले होते.

पुढे लंडनच्या रेकॉर्ड कंपनीने मार्लींना केंद्रस्थानी ठेवले आणि टॉश यांचा स्वतंत्र अल्बम काढायला नकार दिला. १९७४ मध्ये ते गटातून बाहेर पडले. १९७६ मध्ये ‘लिगलाइज इट’ आला. गांजा कायदेशीर करा, ही त्यातली उघड मागणी होती आणि जमैकाच्या रेडिओने त्या गाण्यावर बंदी घातली. गांजा हा शब्द आणि ते झाड जमैकात नेले ते १८४५ पासून तिथे गेलेल्या भारतीय करारबद्ध मजुरांनी. रास्ताफारींसाठी तो धर्मविधीचा भाग होता आणि पोलिसांसाठी गरिबाला पकडण्याचे निमित्त. पंचशील पाळणारे आपण व्यसनाचे समर्थन करणार नाही. पण एखादा कायदा नेमका कोणत्या वस्तीवर चालवला जातो, हा टॉश यांचा प्रश्न आपल्याला परका नाही.

१९७७ चा ‘इक्वल राइट्स’ हा अल्बम त्यांच्या विचारांचा कणा आहे. सगळे जण शांतता मागतात, मग न्याय कोण मागणार, हा त्याचा रोख. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदावर ‘अपार्थाइड’ हे थेट गाणे त्यात आहे.

या विचाराची कसोटी २२ एप्रिल १९७८ रोजी लागली. किंग्स्टनमध्ये दोन राजकीय पक्षांच्या टोळ्या एकमेकांचे मुडदे पाडत होत्या. ते थांबावे म्हणून नॅशनल स्टेडियममध्ये ‘वन लव्ह पीस कॉन्सर्ट’ भरवण्यात आला. पंतप्रधान मायकेल मॅनली आणि विरोधी पक्षनेते एडवर्ड सिआगा समोर बसले होते. मार्ली यांनी त्या दोघांना मंचावर बोलावून त्यांचे हात हातात मिळवले, तो फोटो जगभर गेला. त्याआधी मंचावर आलेल्या टॉश यांनी मात्र गाणी थांबवून दोन्ही नेत्यांना सुनावले. गरीब पोरांना पोलीस का मारतात, सत्ता कोणाचीही आली तरी उपाशी कोण राहतो, हे विचारले. सिस्टिम या शब्दात विष्ठेचा इंग्रजी शब्द मिसळून त्यांनी व्यवस्थेला नवे नाव दिले होते. तेही तिथे उच्चारले.

काही महिन्यांतच, सप्टेंबर १९७८ मध्ये, पोलिसांनी त्यांना पकडून मरणाच्या दारापर्यंत मारले. डोके फुटले, हात मोडला. त्या मैफलीसाठी पुढाकार घेतलेले दोन्ही टोळीप्रमुख दोन वर्षांत मारले गेले, त्यातला एक पोलिसांच्या गोळ्यांनी. १९८० च्या निवडणुकीच्या वर्षी शेकडो माणसे मेली. मिळवलेले हात फोटोतच राहिले.

टॉश गात राहिले. रोलिंग स्टोन्सच्या कंपनीकडून ‘बुश डॉक्टर’ (१९७८) आणि ‘मिस्टिक मॅन’ (१९७९) आले. १९८३ मध्ये ‘मामा आफ्रिका’ आला. बंदुकीच्या आकाराची गिटार घेऊन ते मंचावर उभे राहत. १९८७ मध्ये अण्वस्त्रांविरुद्धचा ‘नो न्यूक्लियर वॉर’ आला आणि त्याच वर्षी ११ सप्टेंबरला किंग्स्टनमधल्या त्यांच्या घरात शिरलेल्या बंदूकधाऱ्यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्यांच्यासह तिघे गेले. मुख्य मारेकरी त्यांच्या ओळखीचा होता, तुरुंगातून सुटल्यावर टॉश यांनी त्याला मदत केली होती. वय अवघे बेचाळीस. पुढच्या वर्षी त्या शेवटच्या अल्बमला ग्रॅमी मिळाले.

ज्या राज्यसंस्थेच्या पोलिसांनी त्यांची हाडे मोडली, तिनेच २०१२ मध्ये त्यांना ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ हा सन्मान दिला. २०१५ मध्ये जमैकाने थोडा गांजा बाळगणे गुन्ह्याच्या यादीतून काढले आणि रास्ताफारींच्या धर्मविधीलाही मान्यता दिली. मेल्यावर सन्मान करणे सत्तेला नेहमीच सोपे जाते.

आपल्याकडे अत्याचाराची घटना घडली की आधी शांतता समितीची बैठक बोलावली जाते आणि गुन्हा नोंदवायचा विषय मागे पडतो. वस्त्यांत काम करताना आम्ही हे वारंवार पाहतो. शांतता आपल्यालाही हवी आहे, बुद्धाच्या धम्माची ती शिकवणच आहे. पण पीडिताला गप्प बसवून मिळते ती शांतता नव्हे. अशा बैठकीत आपल्या तरुणांनी बसावे जरूर, पण पहिला प्रश्न एफआयआरचा विचारावा. १९७८ च्या त्या मंचावर टॉश यांनी तेच केले होते.