अफूचे सत्त्व शोधणारा सेर्ट्युर्नर

अपघातात हाड मोडून रुग्ण वेदनेने तळमळू लागला, म्हणजे अनेक देशांत रुग्णवाहिकेवरील सेवक त्यास मॉर्फिन टोचतात. वेदना शमते, परंतु टोचणाऱ्याची दृष्टी रुग्णाच्या श्वासावर खिळलेली असते. या औषधाचा गुण व धोका दोन्ही ज्याने स्वतःच्या देहावर अजमावले, तो फ्रीड्रिख सेर्ट्युर्नर हा जर्मन औषधनिर्माता होय.

त्याचा जन्म १७८३ साली पाडरबोर्नजवळील नॉयहाउस येथे झाला. बालवयातच पितृछत्र हरपले. विश्वविद्यालयाचे शिक्षण त्यास लाभले नाही. सोळाव्या वर्षी तो पाडरबोर्नच्या एका औषधालयात उमेदवारी करू लागला.

त्या काळी वेदनेवर अफू देत. पण प्रत्येक अफूचा जोर निराळा. तीच मात्रा एकास अपुरी पडे, तर दुसऱ्याच्या जिवावर बेते. अफूचे सत्त्व वेगळे काढले, तरच ते मोजून देता येईल, हे या तरुणाने ओळखले. अफूच्या अर्कात अमोनिया मिसळून त्याने स्फटिक मिळविले. १८०५-०६ मध्ये हा शोध छापून आला. परंतु विद्वानांनी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही.

तो खचला नाही. त्याने स्वतः व तीन तरुणांनी प्रत्येकी अर्धा ग्रेन, म्हणजे सुमारे ३० मिलिग्रॅम सत्त्व घेतले आणि पाऊण तासात आणखी दोनदा तेवढेच घेतले. प्रथम चेहरे लाल झाले. मग मळमळ, पोटदुखी व मूर्च्छा येऊ लागली. तेव्हा त्याने सर्वांस तीव्र शिरका पाजून वांती करविली. त्या तरुणांपैकी कोणीही १७ वर्षांहून मोठा नव्हता. हा दोष त्याच्या पदरी घातलाच पाहिजे. मात्र १८१७ साली त्याने हे सर्व दुष्परिणाम न लपविता प्रसिद्ध केले. स्वप्नांच्या ग्रीक देवतेवरून त्याने या द्रव्यास नाव दिले. १८३१ साली पॅरिसच्या विद्वत्संस्थेने त्याचा गौरव केला. १८४१ साली हामेल्न येथे तो निवर्तला.

मॉर्फिनने ओकारी येते, रक्तदाब उतरतो, मात्रा वाढल्यास श्वास मंदावून थांबतोही. शिवाय त्याचे व्यसन जडते. आज त्यावर नॅलॉक्सोन हा उतारा आहे. तथापि पहिला उतारा म्हणजे सावध मात्रा. विद्यार्थी मित्रहो, औषध व विष यांमधील अंतर पुष्कळदा तराजूच्या काट्याएवढेच असते. तो काटा सेर्ट्युर्नरने आपल्या हाती दिला.