बाळूंना कर्णधार का केले नाही?

आमच्या वसतिगृहात एका रात्री वाद रंगला : सर्वांत उपेक्षित खेळाडू कोण? बहुतेकांनी खाशाबा जाधवांचे नाव घेतले. मी म्हणालो, पालवणकर बाळू. दोघातिघांना तर हे नावही ठाऊक नव्हते!

बाळूंचा जन्म धारवाडचा, चर्मकार कुटुंबातला. पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबात ते खेळपट्टीची निगा राखीत. ग्रेग नावाच्या फलंदाजाला त्यांनी सरावासाठी तासन्‌तास गोलंदाजी केली. त्या डावऱ्या फिरकीचा बोलबाला झाला, तेव्हा पुण्याच्या हिंदू संघाला त्यांना घ्यावेच लागले. मैदानात त्यांनी टाकलेला चेंडू सारेच हाताळीत; चहा मात्र त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यातून मिळे. माझे आजोबाही असाच चहा प्यालेले. तो किस्सा ते हसत सांगत. मला कधी हसू आले नाही.

१९०६ साली मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्यात बाळूंचा मोठा वाटा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात तर ११४ बळी! तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. ते १९२३ मध्ये धाकटे बंधू विठ्ठल यांच्याकडे आले.

१९३७ च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसतर्फे डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि हरले. हे मला रुचत नाही, पण झाकूनही ठेवणार नाही. १९५५ साली मुंबईत ते वारले.

वाद मिटला नाही. खाशाबांना निदान ऑलिंपिकचे पदक तरी मिळाले, हे माझे म्हणणे कायम आहे.