रिता चंद्र आणि मुरूडचे दीक्षित मास्तर

गेल्या वर्षी आम्ही मेलबर्नच्या पश्चिमेला, टार्निटमध्ये घर घ्यायचं ठरवलं. कर्ज मंजूर झालं, वकिलाने कागद तपासले आणि सह्यांसाठी गुरुवारी दुपारी चारची वेळ मिळाली. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसमधल्या एका बाईंनी मोबाइलवरचं ॲप उघडून दाखवलं. गुरुवारी दुपारी दोनपासून रात्रीपर्यंत चंद्र म्हणे 'व्हॉइड ऑफ कोर्स', म्हणजे रिता! अशा वेळी हाती घेतलेल्या कामातून काही निष्पन्न होत नाही, तेव्हा सही शुक्रवारवर ढकल, असा त्यांचा प्रेमाचा सल्ला. इकडे वाईहून आईने पंचांग बघून गुरुवार उत्तम असल्याचं आधीच कळवलं होतं. त्यात त्याच घरावर आणखी एक गिऱ्हाईक टपून बसलेलं. मी काही फार ज्योतिष मानणारा नाही, पण आयुष्यभराची कमाई एका सहीवर म्हटल्यावर पोटात गोळा आलाच.

त्या रात्री हा रिता चंद्र आहे तरी काय, ते समजून घेतलं. चंद्र एका राशीत साधारण सव्वादोन दिवस असतो. तेवढ्या मुक्कामात तो इतर ग्रहांशी ०, ६०, ९०, १२० किंवा १८० अंशांचे योग करत पुढे जातो. राशीतला शेवटचा योग होऊन गेला, की पुढच्या राशीत शिरेपर्यंत तो रिता. हा काळ कधी काही मिनिटांचा, तर कधी दिवसाहून मोठा. लंडनच्या विल्यम लिली या ज्योतिष्याने १६४७ साली छापलेल्या ग्रंथातही हा विचार आहे.

मग आपल्या पंचांगात हे का नाही? तेव्हा बाबांच्या पुस्तकाची आठवण झाली. बाबा प्राथमिक शिक्षक. ते गेल्यावर त्यांचं एकच जाड पुस्तक मी सामानातून इथे आणलं होतं, शंकर बाळकृष्ण दीक्षितांचं 'भारतीय ज्योतिषशास्त्र'. खरं सांगतो, इतकी वर्षं ते नुसतं कपाटात होतं.

दीक्षितांचा जन्म १८५३ चा, दापोलीजवळच्या मुरूडचा. महर्षी कर्व्यांचं मुरूड तेच. दीक्षितांकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. पुण्यात शिक्षक होण्याचं शिक्षण घेतलं आणि जन्मभर मास्तरकी केली. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे आणि शेवटी पुण्याचं ट्रेनिंग कॉलेज, अशा त्यांच्या बदल्या होत गेल्या. आपल्यापैकी ज्यांचे आईवडील शिक्षक होते, त्यांना हे बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणं वेगळं सांगायला नको.

दिवसा शाळा आणि उरलेल्या वेळात आकाश. पंचांगाच्या इतिहासाला दक्षिणा प्राइझ कमिटीने बक्षीस लावलं, तेव्हा बार्शीत नोकरी करत करत त्यांनी हा ग्रंथ लिहून काढला. वेदांपासून स्वतःच्या काळापर्यंत कोणी काय गणित केलं, कोणी कोणाकडून घेतलं, हे एकेक हस्तलिखित मिळवून, तपासून त्यांनी मांडलं. पुस्तक छापून निघालं १८९६ मध्ये. त्याच वर्षी मद्रासकडचे अधिकारी रॉबर्ट स्यूअल यांच्याबरोबर केलेला त्यांचा इंग्रजी ग्रंथही लंडनला निघाला. इसवी सन ३०० ते १९०० पर्यंतची कुठलीही तिथी इंग्रजी तारखेत कशी बदलायची, त्याची कोष्टकं त्यात आहेत. त्याआधी गुप्तकाळातल्या शिलालेखांच्या तारखा पक्क्या करायला फ्लीट साहेबांनाही याच मास्तरांच्या गणिताची मदत झाली होती. सामान्य वाचकांसाठी त्यांनी 'ज्योतिर्विलास' लिहिलं, तेही गोड मराठीत. आणि १८९८ साली, वयाच्या अवघ्या ४४ व्या वर्षी ते गेले.

माझ्या अडचणीचं उत्तर त्यांच्या आयुष्यातल्या एका मोठ्या वादात सापडलं. राशी मोजायची सुरुवात कुठून करायची? वसंतसंपातापासून, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र समान होतात तिथून मोजलं तर सायन. ठरलेल्या ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलं तर निरयन. संपात हळूहळू मागे सरकतो, त्यामुळे निरयन महिने शतकानुशतकं ऋतूंपासून ढळत जातात. म्हणून दीक्षित सायनाच्या बाजूचे. विसाजी रघुनाथ लेले आणि जनार्दन बाळाजी मोडक यांच्याबरोबर त्यांनी सायन पंचांगही चालवलं. लोकांनी ते फारसं उचललं नाही. पण १९५७ पासून भारत सरकारने जी राष्ट्रीय सौर दिनदर्शिका स्वीकारली, तिचं वर्ष संपाताला धरूनच सुरू होतं.

ॲपमधल्या राशी सायन, आईच्या पंचांगातल्या निरयन. दोन्हींत आज सुमारे २४ अंशांचा फरक आहे. एवढं अंतर कापायला चंद्राला जवळपास ४४ तास लागतात! म्हणजे बाईंचा चंद्र राशीच्या शेवटाला आलेला असतो, तेव्हा आईचा चंद्र त्याच नावाच्या राशीत अजून सुरुवातीलाच असतो. चंद्र एकच, पण एकीच्या हिशेबाने रिता, दुसरीच्या हिशेबाने नाही. तिथीचं मात्र तसं नाही. ती सूर्य-चंद्रातल्या अंतरावर मोजतात, त्यामुळे सायन-निरयन काहीही धरा, ती त्याच क्षणी संपते. फक्त घड्याळ बदलतं. मेलबर्नला भारतातल्या वेळेत साडेचार तास मिळवायचे, डेलाइट सेव्हिंग असेल तर साडेपाच. शिवाय इथला सूर्योदयही वेगळा, म्हणून एखादी तिथी भारतापेक्षा वेगळ्या तारखेला येऊ शकते. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर सणाला होणारी भांडणं निम्मी यातूनच निघतात.

आणखी एक गंमत कळली. आपल्याकडे ताजिक नावाची वर्षफलाची शाखा आहे. ती यवनांकडून आली, हे दीक्षित आडपडदा न ठेवता सांगतात. तिच्या सोळा योगांत 'खल्लासर' नावाचा एक आहे. मूळ अरबी 'खाली अस्सैर', चालीने रिकामा. आपलेच 'खाली' आणि 'सैर' हे शब्द! म्हणजे अरबांचा हा रिता चंद्र एकीकडे युरोपात लिलीकडे पोचला आणि दुसरीकडे संस्कृत पोथ्यांत. शेवटी मेलबर्नच्या ऑफिसात तो मला परका म्हणून भेटला.

बुधवारी आईला फोन करून हे सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं एवढंच, की हे बाबांच्या पुस्तकात आहे का? बरंचसं आहे म्हटल्यावर ती थोडा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, की ते रोज रात्री तेच वाचत बसायचे, तिला वाटायचं हिशेब करताहेत.

गुरुवारी चार वाजता सह्या केल्या. घर आमचं झालं.

आता संध्याकाळी मागच्या अंगणात मुलीला घेऊन उभा राहतो. इथे चंद्र उत्तरेकडून जातो आणि त्यातला ससा उलटा दिसतो. तो असा का, हे तिने विचारलं, तेव्हा बाबांचं पुस्तक बाहेर काढलं. ते पुन्हा कपाटात गेलेलं नाही.