गिर्यारोहक तेनसिंग : जन्मभराचा विद्यार्थी

दिवाळीच्या सुट्टीतील एक प्रसंग प्रथम सांगतो. आपल्या सर्वण गावाजवळच्या एका सोडून दिलेल्या चिऱ्याच्या खाणीत दोन मुले कडा चढावयास गेली होती. दहाबारा हात उंची त्यांनी हां हां म्हणता गाठली. पुढे मात्र हात घालावयास जागा मिळेना, आणि खाली दृष्टी जाताच पाय लटपटू लागले. शेजारच्या कुळागरात नारळ पाडीत असलेला पाडेली त्यांची हाक ऐकून धावला. आपला दोर घेऊन तो माथ्यावरून आला, आणि कोणता पाय कोठे ठेवावा हे सांगत सांगत त्याने दोघांनाही खाली उतरविले. त्यांतील एकाने दुसऱ्या दिवशी मला हळूच विचारले की, ज्याला एवढासा कडा उतरता येत नाही, त्याने गडांची आणि पर्वतांची स्वप्ने पाहावीत काय? त्या मुलाला तोंडी दिलेले उत्तर मला अपुरे वाटले. म्हणून एका थोर गिर्यारोहकाचे चरित्र येथे सांगत आहे.

कडा चढून जाणे ही गोष्ट आम्हां मराठी वाचणाऱ्यांना नवी नाही. १६७० साली तानाजी मालुसरे आणि त्यांचे मावळे रात्रीच्या अंधारात कोंढाण्याचा कडा चढून गेले, ही कथा आपण बालपणापासून ऐकतो. घोरपडीची आख्यायिका सर्वांच्या मुखी असते. परंतु मावळ्यांचे पाय लहानपणापासून डोंगरावर तयार झाले होते, इकडे आपले लक्ष जात नाही. पराक्रमाची घटका सर्वांना दिसते, तिच्यामागची वर्षे दिसत नाहीत. जगातील सर्वांत उंच शिखरावर प्रथम पोहोचलेल्या दोघांपैकी एक जे शेर्पा तेनसिंग नोर्गे, त्यांच्या चरित्रात ही मागची वर्षे फार स्पष्ट दिसतात.

तेनसिंगचा जन्म १९१४ साली एव्हरेस्टच्या परिसरातील एका गरीब शेर्पा कुटुंबात झाला. त्याच्या जन्मगावाविषयी एकमत नाही. कोणी नेपाळातील थामे सांगतात, तर कोणी तिबेटातील खार्ता खोऱ्याकडे बोट दाखवितात. तेरा भावंडांत तो अकरावा. आईबापांनी ठेवलेले नामग्याल वांगदी हे नाव बदलून रोंगबुक मठाच्या लामांनी त्याला तेनसिंग नोर्गे हे नाव दिले. घरच्यांनी त्याला मठात धाडून पाहिले, पण तेथे त्याचे मन रमले नाही. याक राखीत तो उंच कुरणांवर हिंडे आणि समोरच्या त्या प्रचंड पर्वताकडे पाहत राही. शाळा त्याने कधी पाहिली नाही. पुढे तो अनेक भाषा बोलू लागला, परंतु लिहिण्यावाचण्याची विद्या त्याला लाभली नाही ती नाहीच.

वयाच्या तेराव्या वर्षाच्या सुमारास तो घरातून पळून काठमांडूला गेला आणि काही आठवड्यांनी परत आला. १९३२ साली मात्र त्याने दार्जिलिंगची वाट धरली. एव्हरेस्टकडे जाणाऱ्या मोहिमांचे हमाल तेथेच निवडले जात. पोटासाठी त्याने गाई राखल्या, दूध विकले. १९३३ साली ब्रिटिश गिर्यारोहकांची तुकडी आली, तेव्हा तो आशेने पुढे झाला. पण त्याची निवड झाली नाही. बरोबरीचे तरुण पाठीवर ओझी घेऊन उत्तरेकडे निघून गेले आणि हा मागे राहिला. आरंभीच असा नकार पदरी पडला म्हणजे पुष्कळजण आपला मार्ग बदलतात. तेनसिंग दार्जिलिंगमध्येच थांबला.

१९३५ साली एरिक शिप्टन यांची तुकडी आली. पूर्वीच्या मोहिमेचा दाखला तेनसिंगजवळ नव्हता. तरीही निवड जवळजवळ संपत आली असता शिप्टन यांचे लक्ष या हसतमुख तरुणाकडे गेले आणि त्यांनी त्याला घेतले. त्या वेळी तो पर्वताचा पुत्र होता खरा, परंतु गिर्यारोहक नव्हता. बर्फावर व खडकावर चालण्याची शिस्त, एकमेकांना दोराने बांधून घेण्याची रीत, हिमकुऱ्हाडीने पायऱ्या खोदण्याचे कौशल्य ही सर्व त्याला नवी होती. ओझे वाहता वाहता तो हे शिकला आणि त्या मोहिमेत एव्हरेस्टच्या उत्तर खिंडीपर्यंत जाऊन आला.

येथून पुढील अठरा वर्षांचा हिशेब, मित्रहो, नीट ध्यानात घ्यावा. १९३६ साली तेनसिंग पुन्हा एव्हरेस्टवर गेले. त्या वर्षी मोसमी पावसाने लवकर गाठल्यामुळे मोहीम परतली. १९३८ साली टिलमन यांच्या तुकडीबरोबर ते सुमारे २७,२०० फुटांवरील तळापर्यंत ओझे घेऊन चढले. त्याबद्दल त्यांना हिमालयन क्लबचे ‘टायगर’ पदक मिळाले. नंतर महायुद्ध आले. ती वर्षे त्यांनी दूर चित्रळ येथे एका लष्करी अधिकाऱ्याच्या पदरी काढली. तेथेच १९४४ साली त्यांची पत्नी दावा फुटी निवर्तली, आणि दोन लहान मुलींना घेऊन ते दार्जिलिंगला परतले. १९४७ साली अर्ल डेनमन नावाच्या एका हौशी माणसाबरोबर ते तिबेटमार्गे चोरून एव्हरेस्टकडे गेले. परंतु साहित्य अपुरे आणि थंडी व वादळ दुःसह, म्हणून माघारी आले. १९५२ साली स्विस गिर्यारोहकांबरोबर त्यांनी वसंतात एक आणि शरदात एक असे दोन प्रयत्न केले. एव्हरेस्टने त्यांना एकूण सहा वेळा परत पाठविले होते.

मात्र या परतीच्या प्रवासांत ते रिकाम्या हाताने आले नाहीत. प्रत्येक मोहिमेत काही ना काही शिकूनच ते परतले. डेहराडूनच्या डून स्कूलमधील जॅक गिब्सन या शिक्षकांबरोबर त्यांनी बंदरपूंछ शिखरावर १९३७ व १९४६ साली प्रयत्न केले. अखेर १९५० साली तेनसिंग त्या शिखरावर पोहोचले. १९४७ साली गढवालमध्ये स्विस मोहिमेचा सरदार वांगदी नोर्बू पडून जबर जखमी झाला, तेव्हा त्याला सोडवून आणण्यात तेनसिंग पुढे होते. त्यानंतर सरदारकीची जबाबदारी त्यांच्यावर आली, आणि त्याच मोहिमेत त्यांनी केदारनाथ शिखर गाठले. १९५१ साली नंदादेवीच्या पूर्व शिखरावर ते लुई द्युबो यांच्यासह चढले, तेही दोन बेपत्ता फ्रेंच गिर्यारोहकांचा माग काढण्यासाठी. ती चिंचोळी, निसटती धार आपल्या आयुष्यातील सर्वांत बिकट चढाई होती, असे ते मानीत.

१९५२ च्या वसंतात रेमंड लॅम्बर्ट हे स्विस वाटाडे त्यांचे सोबती होते. पूर्वीच्या एका हिमवादळात लॅम्बर्ट यांची पायाची बोटे गेली होती. दोघांना एकमेकांची भाषा नीटशी येत नव्हती. खाणाखुणांनी व्यवहार चाले. अखेरच्या तळावर झोपण्याच्या पिशव्या नाहीत, स्टोव्ह नाही. मेणबत्तीच्या ज्योतीवर बर्फ वितळवून त्यांनी घोटभर पाणी मिळविले व एकमेकांना चोळीत रात्र काढली. दुसऱ्या दिवशी, २८ मे रोजी, ते सुमारे २८,२०० फुटांपर्यंत पोहोचले. शिखर अवघे आठशे फूट उरले असता दोघेही परतले. आणखी वर गेलो तर उतरण्याचे बळ राहणार नाही, हे त्यांनी जाणले. माझ्या मते तेनसिंग यांच्या चरित्रातील हा सर्वांत मोठा धडा आहे. चढण्याची उमेद असताना उतरण्याचा विचार करणे, हे नवख्याला सुचत नाही. आमच्या खाणीतील मुले नेमकी येथेच चुकली. त्यांनी वरचा खाच शोधला, पण परतीची पायरी पाहून ठेवली नाही.

१९५३ साली कर्नल जॉन हंट यांच्या ब्रिटिश मोहिमेत तेनसिंग सरदार व चढाईच्या तुकडीचे सदस्य होते. आरंभीच्या हिमप्रपातात एडमंड हिलरी एका भेगेत कोसळले. तेनसिंग यांनी तत्क्षणी कुऱ्हाड बर्फात रोवून दोर तिच्याभोवती आवळला आणि हिलरींचा पाडाव थांबविला. असे प्रसंगावधान एका दिवसात येत नाही. दोर कसा धरावा, ढिला किती सोडावा, झटका बसताच काय करावे, हे शेकडो वेळा केलेले असेल, तरच हात आपोआप चालतात.

२९ मे १९५३ रोजी सकाळी साडेअकरा वाजता हिलरी आणि तेनसिंग एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले. शेवटच्या टप्प्यात त्यांना सुमारे ४० फूट उंचीचा एक खडकाळ कडा लागला होता. हिलरी पुढे चढले व तेनसिंग दोराच्या आधाराने मागोमाग गेले. तेनसिंग यांच्या गळ्यात लॅम्बर्ट यांनी दिलेला तांबडा रुमाल होता. मागच्या वर्षीचा सोबती अशा रीतीने त्यांच्याबरोबर शिखरावर गेला. बर्फात त्यांनी काही गोडधोड खाऊ पुरला, आणि त्यासोबत एक लहानशी तांबडी-निळी पेन्सिल. ती धाकटी मुलगी निमा हिने वडिलांजवळ दिली होती. ज्या पित्याच्या हाती कधी पेन्सिल आली नव्हती, त्याने आपल्या लेकीची पेन्सिल जगाच्या माथ्यावर ठेवली. शाळेत जाणाऱ्या प्रत्येक मुलाने हे आठवून आपल्या दप्तराकडे एकदा पाहावे.

खाली आल्यावर मात्र शिखराहून अवघड असा एक वाद उभा राहिला. पहिले पाऊल कोणाचे, हे लोक विचारू लागले. आपल्या देशातही पुष्कळांना तेनसिंग हेच पहिले असावेत असे वाटे, आणि तसा होकार दिला असता तर त्यांचा जयजयकारच झाला असता. एका दोरावरचे दोघे एकच, असे दोघा सोबत्यांनी प्रथम सांगितले. पुढे १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथेत तेनसिंग यांनी हिलरी काही पावले पुढे होते हे सरळ नमूद केले. खोट्या मानापेक्षा त्यांना सोबत्याचा विश्वास मोलाचा वाटला. ज्याच्या हाती आपल्या प्राणाचा दोर असतो, त्याच्याविषयी असत्य बोलवत नाही.

यानंतरची गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. मला ती शिखराइतकीच मोठी वाटते. दार्जिलिंगला गिर्यारोहणाची शाळा काढावयाचे ठरले. तिच्यात शिकविणार कोण? अर्थात तेनसिंग. परंतु स्वतः चढणे वेगळे आणि दुसऱ्यास चढावयास शिकविणे वेगळे. म्हणून १९५४ साली वयाच्या चाळिशीत, सारे जग गौरवीत असताना, तेनसिंग अन्य सहा शेर्पांसह स्वित्झर्लंडमधील रोझेनलाउई येथे आर्नोल्ड ग्लाटहार्ड यांच्या शाळेत विद्यार्थी म्हणून दाखल झाले. एव्हरेस्टचा विजेता तेथील खडकांवर पुन्हा पहिल्या धड्यापासून उभा राहिला. त्याच वर्षी ४ नोव्हेंबर रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या उपस्थितीत हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूटचे उद्घाटन झाले आणि तेनसिंग तेथील प्रत्यक्ष शिक्षणाचे प्रमुख झाले. १९७६ पर्यंत त्यांनी तेथे मुलामुलींना शिकविले. त्यांचा भाचा नवांग गोंबू याने १९६३ व १९६५ साली एव्हरेस्ट गाठले. दोनदा तेथे जाणारा तो पहिला मनुष्य ठरला. दार्जिलिंगजवळ लेबॉंगच्या रस्त्यावर तेनसिंग आणि गोंबू यांच्या नावांचे दोन खडक आहेत. हिमशिखराचे स्वप्न पाहणारा नवखा प्रथम अशा खडकावर उभा केला जातो.

त्या खडकावर शिकवितात तरी काय? फार साध्या गोष्टी. दोन हात व दोन पाय यांपैकी तीन जागी पक्का आधार असल्याखेरीज चौथा हलवू नये. शरीराचा भार हातांनी ओढू नये, पायांवर तोलावा; आपला पाडेली माडावर असेच करतो, म्हणून तो दिवसभर थकत नाही. खडकाला पोट चिकटवून लोंबू नये, थोडे दूर राहून पायाची जागा पाहावी. गाठ स्वतः बांधावी आणि सोबत्याकडून तपासून घ्यावी. दोर धरणाऱ्याने चढणाऱ्यावरून दृष्टी काढू नये. कमी उंचीवर पुष्कळ वेळा चढावे व तितक्याच वेळा उतरावे. मगच उंची वाढवावी. आणि जाणत्या शिक्षकाशिवाय, दोराशिवाय कोणत्याही कड्याला हात लावू नये. आपल्या भागातील जांभा दगड तर ठिसूळ असतो, पावसाळ्यात त्यावर शेवाळ चढते. चिऱ्याच्या खाणी ही शिकण्याची जागा नव्हेच.

९ मे १९८६ रोजी दार्जिलिंग येथे तेनसिंग यांचा देहान्त झाला. भारत सरकारने १९५९ साली त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले होते. परंतु त्यांचे खरे स्मारक त्यांच्या हाताखाली गाठ बांधावयास शिकलेल्या विद्यार्थ्यांच्या बोटांत आहे.

मला प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलाला आता माझे उत्तर असे आहे : बाळ, तू कडा उतरू शकला नाहीस, यात तुझी अपात्रता नाही, न शिकता चढलास, ही तुझी चूक आहे. तेनसिंग यांना एकदा नाकारले गेले, सहा वेळा पर्वताने परत पाठविले, आणि शिखर जिंकल्यावरही ते पुन्हा शाळेत गेले. सत्तरीतील वाघेरीचा डोंगर तुझी वाट पाहत आहे. त्याला घाई नाही. तू प्रथम कंबरेएवढ्या खडकावर नीट उभे राहावयास शीक, आणि त्यावरून नीट खाली उतरावयास शीक.