डॉ. हरेंद्रकुमार मुखर्जी

डॉ. हरेंद्रकुमार मुखर्जी यांचे नाव आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या कानांवरून गेले असेल. आपल्या देशाची राज्यघटना ज्या सभेने तयार केली, तिचे ते उपाध्यक्ष होते, आणि ते ख्रिस्ती होते. सर्व धर्मांच्या लोकांच्या राज्यात ख्रिस्ती मनुष्याने कोठे व कसे उभे राहावे, हा प्रश्न आपल्या मंडळ्यांत वारंवार निघतो. म्हणून त्यांचे चरित्र येथे थोडक्यात देण्याचे आम्ही योजिले आहे.

त्यांचा जन्म इ.स. १८८७ मध्ये कलकत्त्यास एका बंगाली कुटुंबात झाला. कलकत्ता विद्यापीठाची डॉक्टर ही पदवी त्यांनी संपादन केली व तेथेच इंग्रजी वाङ्मयाचे अध्यापन केले. स्वकष्टाने मिळविलेल्या द्रव्यातून त्यांनी त्या विद्यापीठास मोठी देणगी दिली. पुढे ते ख्रिस्ती समाजाचे पुढारी म्हणून सार्वजनिक कार्यात पडले.

त्या काळची स्थिती वाचकांनी ध्यानात घ्यावी. इ.स. १९३५ च्या कायद्याने ख्रिस्ती लोकांस स्वतंत्र मतदारसंघ दिले होते. आपल्या मुंबई प्रांताच्या कायदेमंडळात अशा ३ जागा होत्या. ख्रिस्ती मतदारांनी ख्रिस्ती उमेदवार निवडावयाचा, इतरांचा त्यात संबंध नाही. ह्यामुळे समाजास प्रतिनिधी मिळे खरा. परंतु अन्य धर्माच्या उमेदवारास ख्रिस्ती मनुष्याच्या दारी येण्याचे कारण उरत नसे, आणि ख्रिस्ती उमेदवारासही शेजारच्या आळीचे गाऱ्हाणे ऐकण्याची गरज पडत नसे.

घटना समितीची पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ रोजी भरली. पुढल्याच महिन्यात मुखर्जी उपाध्यक्ष निवडले गेले. अल्पसंख्याकांच्या हक्कांचा विचार करणाऱ्या उपसमितीचे अध्यक्षपदही त्यांजकडे आले. ऑगस्ट १९४७ मध्ये असे ठरले की, स्वतंत्र मतदारसंघ बंद व्हावे, सर्वांनी एकत्र मत द्यावे, परंतु काही वर्षे जागा मात्र राखून ठेवाव्या. ख्रिस्ती लोकांसाठी अशा जागा मध्यवर्ती कायदेमंडळात आणि मद्रास व मुंबई या प्रांतांत राहावयाच्या होत्या.

ता. ६ डिसेंबर १९४८ रोजी धर्मस्वातंत्र्याचे कलम चर्चेस आले, तेव्हा मुखर्जी अध्यक्षस्थानी होते. धर्म मानण्याचा व आचरण्याचा हक्क असावा, याविषयी फारसा वाद नव्हता. धर्माचा प्रसार करण्याचा हक्क काढून टाकावा, असे मात्र काही सभासदांचे म्हणणे पडले. त्या हक्काच्या बाजूने कन्हैयालाल मुनशी, लक्ष्मीकांत मैत्र व टी. टी. कृष्णम्माचारी हे हिंदू सभासद बोलले, आणि तो शब्द कायम राहिला. आज घटनेच्या २५ व्या कलमात तो आहे. आपल्या उपदेशकांस ज्या हक्काने सुवार्ता सांगता येते, त्याच्या रक्षणार्थ शेजारी उभे राहिले, हे आपण विसरू नये.

यानंतर मे १९४९ मध्ये मुखर्जींनी आपल्या आयुष्यातील मोठे कार्य केले. सरदार वल्लभभाई पटेल यांच्या अध्यक्षतेखालील सल्लागार समितीत त्यांनी स्वतः ठराव मांडला की, अस्पृश्य गणल्या गेलेल्या जातींखेरीज इतर अल्पसंख्याकांच्या राखीव जागा रद्द कराव्या. त्याच महिन्याच्या अखेरीस घटना समितीने ते मान्य केले. जे आपल्याच लोकांच्या पदरात पडले होते, ते त्यांनी सोडून दिले; हेतू हा की, ख्रिस्ती मनुष्याने सर्वांच्या मतावर व सर्वांच्या विश्वासावर उभे राहावे.

या त्यागाचे मोल सर्वांनी सारखे दिले नाही, हेही आम्हांस सांगितले पाहिजे. इ.स. १९५० च्या राष्ट्रपतींच्या हुकुमाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेविल्या. पुढे १९५६ मध्ये शीख व १९९० मध्ये बौद्ध त्यात घेण्यात आले. ख्रिस्ती राहिले बाहेर. महारवाड्यातून व मांगवाड्यातून प्रभूकडे आलेल्या आपल्या बांधवांच्या वाट्यास दारिद्र्य व अस्पृश्यतेचा जाच पूर्वीप्रमाणेच आला, परंतु सवलत आली नाही. हा हुकूम मुखर्जींच्या ठरावातून निघालेला नव्हे, आणि त्याविरुद्ध न्याय मागणे हे नागरिकाचे कर्तव्यच होय. तो सर्वांसमक्ष, सनदशीर मार्गाने व शेजाऱ्यांस बरोबर घेऊन मागावा, इतकेच त्यांच्या चरित्रावरून आम्ही सुचवितो.

नोव्हेंबर १९५१ मध्ये ते पश्चिम बंगालचे राज्यपाल झाले, व त्या पदावर असतानाच ऑगस्ट १९५६ मध्ये देवाघरी गेले.

धर्मनिरपेक्ष हा शब्द घटनेच्या उद्देशपत्रिकेत १९७६ मध्ये आला. परंतु तशा राज्यात ख्रिस्ती मनुष्याने कसे वागावे, याचा कित्ता मुखर्जींनी आधीच घालून दिला होता. मीठ मडक्यात झाकून ठेविले तर कालवणास चव कोठून येणार? आपल्या गावच्या ग्रामसभेत पाण्याचा, शाळेचा, रस्त्याचा प्रश्न निघतो, तेव्हा आपली माणसे मागल्या बाजूस गप्प बसतात, किंवा येतच नाहीत. आपल्या आळीच्या विहिरीइतकीच दुसऱ्या आळीच्या विहिरीची काळजी वाहणारा मनुष्य मंडळीतून पुढे आला, तर गाव त्यास मत देईल, आणि न दिले तरी त्याची साक्ष व्यर्थ जाणार नाही. अशी माणसे प्रभूने आपल्या मंडळ्यांत उभी करावी, अशी आमची प्रार्थना आहे.