करंडकाविना जिंकलेली शर्यत

शंकरपटात जोडी जिंकली, की गुलाल उधळला जातो आणि भर मैदानात मालकाच्या हाती ढाल दिली जाते. मराठवाड्यातील शौकिनांच्या लेखी बक्षिसाच्या रकमेपेक्षा हा मान मोठा. अमेरिकेतील मोटार शर्यतपटू वेंडेल स्कॉट यांच्या वाट्याला विजय आला. त्याचा मान मात्र हयातीत मिळाला नाही.

व्हर्जिनिया राज्यातील डॅनव्हिल येथे २९ ऑगस्ट १९२१ रोजी एका कृष्णवर्णीय कुटुंबात स्कॉट यांचा जन्म झाला. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी लष्करात वाहनदुरुस्तीचे काम केले. परतल्यावर गावात गॅरेज काढले आणि त्याच्या जोडीला चोरट्या दारूची वाहतूकही केली.

या धंद्यातच तेथील शर्यतींची मुळे होती. दारूबंदी १९३३ मध्ये उठली, तरी कर चुकवून गाळलेली दारू दक्षिणेकडील राज्यांत रात्रीच्या वेळी धावतच राहिली. बाजारात कोणालाही मिळणाऱ्या साध्या मोटारींची इंजिने त्यासाठी अधिक ताकदवान केली जात. असे अनेक चालक मातीच्या मैदानांवर शर्यतीसाठीही उतरू लागले. या शर्यतींना नियमांची चौकट देण्यासाठी बिल फ्रान्स यांच्या पुढाकाराने १९४८ मध्ये 'नासकार' ही संस्था स्थापन झाली.

१९५२ मध्ये डॅनव्हिलच्या शर्यतीला गर्दी वाढावी म्हणून आयोजकांना एक कृष्णवर्णीय चालक हवा होता. त्यांनी पोलिसांकडे चौकशी केली. पोलिसांना पाठलागात हुलकावणी देणाऱ्या स्कॉट यांचेच नाव पुढे आले. प्रेक्षकांनी हुर्यो उडविली, काही मैदानांनी केवळ वर्णामुळे प्रवेश नाकारला. पण स्कॉट मागे हटले नाहीत. १९५९ मध्ये त्यांनी व्हर्जिनियात राज्य पातळीवरील अजिंक्यपद पटकाविले आणि १९६१ मध्ये ते 'ग्रँड नॅशनल' या सर्वोच्च गटात दाखल झाले. मोटार कंपन्यांचे पाठबळ नसल्याने जुनी मोटार, वापरलेले टायर आणि मदतनीस म्हणून स्वतःची मुले, एवढ्याच बळावर ते उभे होते.

१ डिसेंबर १९६३ रोजी फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल येथे २०० फेऱ्यांची शर्यत झाली. स्कॉट यांनी रिचर्ड पेटी यांना मागे टाकून आघाडी घेतली व ठरलेल्या फेऱ्या पूर्ण केल्या. तरीही विजयाचे निशाण त्यांच्यासाठी फडकले नाही. बक बेकर हे विजेते ठरले आणि करंडक घेऊन गेले. सुमारे दोन तासांनी अधिकाऱ्यांनी मोजणीतील चूक मान्य करून स्कॉट यांना विजयी घोषित केले. तोपर्यंत मैदान रिकामे झाले होते. गोऱ्या प्रेक्षकांसमोर आपला सत्कार टाळण्यासाठीच हे घडविले गेले, अशी स्कॉट कुटुंबाची धारणा कायम राहिली.

पुढे १९७३ मध्ये टॅलाडेगा येथील भीषण अपघातात ते गंभीर जखमी झाले आणि त्याच वर्षी त्यांची कारकीर्द संपली. सर्वोच्च गटातील ४९५ शर्यतींत त्यांचा विजय एकच. २३ डिसेंबर १९९० रोजी त्यांचे निधन झाले.

२०१५ मध्ये नासकारच्या मानवंदना दालनात त्यांचा समावेश झाला आणि ऑगस्ट २०२१ मध्ये संस्थेने त्या विजयाचा करंडक कुटुंबीयांच्या स्वाधीन केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बब्बा वॉलेस यांनी टॅलाडेगा येथे शर्यत जिंकली. स्कॉट यांच्यानंतर सर्वोच्च गटात विजयी झालेले ते दुसरे कृष्णवर्णीय चालक. मध्ये जवळपास ५८ वर्षे गेली होती.