दोन हजार रुपयांचा जामीन

आमच्या मोहगावचा माणूस आजारी पडला, शिकायला निघाला किंवा लग्नाचा बस्ता बांधायला निघाला, की तो नागपूरचाच रस्ता धरतो. कागदावर आमचा जिल्हा पांढुर्णा आणि राज्य मध्यप्रदेश. पण १९५६ च्या आधी आमचा सौंसर तालुका आणि नागपूर एकाच प्रांतात होते आणि त्याच्याही आधी दोन्ही नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात. म्हणून आमची बोली, आमचे सण, आमची सोयरीक सगळी त्याच दिशेला.

सौंसर, सावनेर, पाटणसावंगी, मानकापूर, नागपूर. या रस्त्याच्या आजूबाजूला एका माणसाचं जवळजवळ सगळं आयुष्य गेलं. त्याचं नाव ताजुद्दीन बाबा. नागपुरात ताजबाग माहीत नाही असा माणूस सापडणार नाही. पण बाबांबद्दल विचारलं की लोक चमत्कार सांगतात. मी चमत्कार बाजूला ठेवून त्यांचं चरित्र वाचत गेले, तेव्हा मला त्यात एक वेगळीच गोष्ट सापडली. ती सांगण्यासाठी हा लेख.

ताजुद्दीन यांचा जन्म २७ जानेवारी १८६१ रोजी कामठीचा. कामठी म्हणजे कन्हान नदीकाठची इंग्रजांची छावणी. आमच्या सौंसरकडची जाम नदी ज्या कन्हानला मिळते, तीच ही कन्हान. छावणीचं गाव म्हटल्यावर तिथे मद्रासी शिपाई, मुसलमान, मराठे, गोरे साहेब, आयरिश कॅथलिक असे सगळे आले. वडील सैयद बदरुद्दीन फौजेत होते, आईचं नाव मरियमबी. दोघंही ताजुद्दीन लहान असतानाच गेले. पोरका मुलगा आजोळी वाढला, मदरशात शिकला.

तरुणपणी पोटासाठी त्यांनी वडिलांचाच रस्ता धरला आणि फौजेत भरती झाले. पलटण सागरला गेली. तिथे दाऊद मक्की या सूफी संताची दर्गा आहे. दिवसा कवायत आणि रात्री दर्ग्यात बसणं, असं चाललं. शेवटी एक दिवस त्यांनी नोकरी सोडली आणि ते कामठीला परत आले. ते बदलून गेले होते. अंगावरच्या कपड्यांचं भान नाही, खाण्यापिण्याचं नाही. पोरं मागे लागून दगड मारायची असं सांगतात. काही लोकांना ते अवलिया वाटत, काहींना निव्वळ वेडे. छावणीतल्या साहेबलोकांना ते वेडेच वाटले आणि २६ ऑगस्ट १८९२ रोजी त्यांना नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं गेलं.

तिथे ते सोळा वर्षं होते. सोळा वर्षं हा शब्द आपण पटकन वाचून पुढे जातो. एकतिसाव्या वर्षी आत गेलेला माणूस सत्तेचाळिसाव्या वर्षापर्यंत आतच. पण त्यांना भेटायला लोक यायला लागले. आधी थोडे, मग गर्दी. दुखणेकरी, कर्जबाजारी, मूलबाळ नसलेल्या बाया. कोण कुठल्या जातीचा, कुठल्या धर्माचा हे कुणी विचारत नव्हतं. भिंतीच्या आतल्या माणसाकडे बाहेरचे शहाणे लोक आपलं दुःख घेऊन जात होते.

त्या येणाऱ्यांत एक होते राजे रघुजीराव भोसले. हे घराणं गणपती बसवणारं, दसरा मांडणारं, पूर्ण हिंदू. १८५३ मध्ये डलहौसीने त्यांचं राज्य खालसा केलं होतं, त्यामुळे राजा हे आता फक्त नाव उरलं होतं. राज्य नसलं तरी मान मात्र होता आणि तो मान सरकारच्या मर्जीवर टिकून होता. अशा माणसाने सरकारदरबारी खटपट केली, दोन हजार रुपयांचा जामीन भरला आणि सप्टेंबर १९०८ मध्ये बाबांना सोडवून आपल्या सक्करदऱ्याच्या वाड्यात आणलं.

मला या ठिकाणी थांबावंसं वाटतं. त्या काळात दोन हजार ही फार मोठी रक्कम. पण पैशापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे जामीन. जामीन म्हणजे काय हे आमच्याकडच्या संत्रा-कपाशीच्या शेतकऱ्याला विचारा. कर्ज मिळतं, पण जामीनदार मिळत नाही. भाऊ भावाला जामीन राहायला कचरतो. कारण जामीन राहणं म्हणजे या माणसाने उद्या काहीही केलं तरी त्याची भरपाई मी देईन असं लिहून देणं. आणि इथे एक हिंदू राजा, सरकारने वेडा ठरवलेल्या, घरदार नसलेल्या एका मुसलमान फकिराला जामीन राहिला. जामीन राहून त्याला लांब कुठे ठेवलं नाही, स्वतःच्या घरात ठेवलं.

पुढे बाबा काही वर्षं सावनेर तालुक्यातल्या वाकी गावी राहिले. वाकीही कन्हानच्याच काठावर. तिथे काशीनाथराव पाटील यांनी त्यांची व्यवस्था पाहिली. म्हणजे पुन्हा एक हिंदू माणूस, या वेळी राजा नाही, तर गावचा पाटील. वाकीत झाडांखालच्या जागांना बाबांनी दवाखाना, मदरसा, मशीद अशी नावं दिली होती असं सांगतात. आजाऱ्याने दवाखान्याच्या झाडाखाली पडायचं, शिकणाऱ्याने मदरशाच्या जागी बसायचं. भिंती नाहीत, दारं नाहीत, त्यामुळे कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला बाहेर ठेवायचं हा प्रश्नच नाही. हिंदू भक्त बाबांची आरती करत, मुसलमान दरूद पढत. पुण्याचा मेरवान इराणी हा जरथुस्त्री घरातला तरुण १९१५ च्या सुमारास त्यांना भेटून गेला. तोच पुढे मेहेरबाबा म्हणून जगाला माहीत झाला.

शेवटची वर्षं बाबा सक्करदऱ्यालाच होते. १७ ऑगस्ट १९२५ रोजी ते गेले. उमरेड रोडकडच्या ताजबागेत त्यांची कबर आहे. आजही उरुसाला तिथे सगळ्या धर्मांचे लोक येतात.

इथे गोष्ट संपवली तर ती गोड होईल, पण अर्धवट राहील. त्याच काळात नागपूर शहर कुठे चाललं होतं तेही पाहायला हवं. डिसेंबर १९२० च्या नागपूर काँग्रेसमध्ये असहकार आणि खिलाफत हातात हात घालून चालले होते. तीनच वर्षांनी, १९२३ मध्ये, मशिदीसमोर वाजंत्री वाजवायची की नाही यावरून त्याच शहरात मोठा वाद पेटला. १९२७ मध्ये दंगल झाली. बाबांना जाऊन तेव्हा दोन वर्षंच झाली होती. कबरीवर फुलं पडत होती, आरती आणि फातिहा दोन्ही चालू होते, आणि गल्लीत माणसं मारली जात होती.

मला यातून एक कळतं. एकाच संताला सगळ्यांनी मानणं ही चांगली गोष्ट आहे, पण ती पुरेशी नाही. उरुसाला शेजारी उभं राहणं सोपं असतं. दुसऱ्या दिवशी त्या शेजाऱ्याच्या कागदावर स्वतःचं नाव लिहिणं अवघड असतं. रघुजीराजांनी दुसरी गोष्ट केली.

मी कॅथलिक घरातली आहे. आमच्या चर्चनेही १९६५ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, इतर धर्मांबद्दलची आपली भूमिका लिहून जाहीर केली. त्यांच्यात जे खरं आणि पवित्र आहे ते आम्ही नाकारत नाही, असा तिचा आशय आहे. ते वाचून मला बरं वाटतं. पण आमच्या नागपूर भागात एका राजाने आणि एका पाटलाने हे साठ-एक वर्षं आधी, काहीही न लिहिता, घराचं दार उघडून केलं होतं, याचंही मला बरं वाटतं.

आता आपल्याबद्दल. बाहेरगावाहून शिकायला आलेल्यांना माहीत आहे की खोली शोधताना घरमालक आधी आडनाव विचारतो. माझ्या एका मुसलमान मैत्रिणीला तीन ठिकाणी खोली मिळाली नाही. खोल्या रिकाम्या होत्या. चौथ्या ठिकाणी घरमालकीणबाईंनी एवढंच विचारलं की शहरात तुझ्यासाठी जबाबदार कोण. आमच्या वर्गातल्या एका मुलीचे बाबा गेले, स्वतःचं नाव आणि नंबर लिहून दिला. ते एकादशी करणारे गृहस्थ आहेत. मैत्रीण दोन वर्षं झाली तिथेच राहते.

आपलं मराठी वाङ्मय मंडळ दरवर्षी सर्वधर्मसमभावावर निबंध स्पर्धा घेतं, ती घ्यावी. त्याबरोबर एक साधी वही ठेवावी असं मी सुचवते. ज्यांची घरं नागपुरात आहेत, त्यांनी त्यात आईबाबांना विचारून नाव लिहावं, की पुढच्या जूनमध्ये येणाऱ्या कुठल्याही धर्माच्या एका विद्यार्थ्यासाठी आम्ही जबाबदार राहू. दोन हजार रुपये लागणार नाहीत. सही लागेल.